पहिल्याच किकला

गल्लीतल्या लोकांनी मिस्त्रीचं नाव फुंक्या ठेवलं होतं. जन्मात कधी सिगारेटला न शिवलेल्या माणसाला हे नाव का, असं नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं. पण कार्बोरेटर उघडून त्यातलं पितळेचं जेट ओठांत धरून फुंकताना त्याला एकदा पाहिलं की उलगडा व्हायचा. जेट म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, आणि मधोमध भोक असं की केस घालायचा तर नेम धरावा लागेल. फुंकर पलीकडे निघाली तर जेट मोकळं, नाही निघाली तर तुंबलेलं. हवेचं मशीन दुकानात होतं, पण मिस्त्रीचा भरवसा ओठांवर. "मशीनला काय कळतंय? ते आपलं फुसफुसत राहतं. आत किती कचरा आहे ते तोंडालाच कळतं," असं तो म्हणायचा. पेट्रोलचा वास त्याच्या अंगात इतका मुरला होता की बायको म्हणायची, "तुमच्याशी भांडताना काडी ओढायची भीती वाटते मला."

दुकान म्हणजे एक शटर, आत दोन गाड्या मावतील एवढी जागा, मागे लोखंडी कपाट आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. समोर तीन मजली इमारत असल्यामुळे ऊन आत यायचं ते अकरा वाजता. हिवाळ्यात तोवर फरशी अशी गार असायची, की मिस्त्री पुठ्ठा अंथरून त्यावर उकिडवा बसायचा. कामाला दुसरं कोणी नव्हतं. बावीस वर्षं तो एकटाच सगळं करत आला होता आणि त्याला तेच बरं वाटत होतं.

हिवाळा म्हणजे एकाच तक्रारीचा मोसम. गाडी सकाळी सुरू होत नाही. कोणी ढकलत आणायचं, कोणी फोन करायचं, कोणी किक मारून मारून पोटरी सुजवून घ्यायचं. त्या बुधवारी सकाळी आठ वाजता दुकानापुढे तीन गाड्या उभ्या होत्या आणि चौथी लाइनमननं आणली.

लाइनमन म्हणजे विजेच्या खांबांवर चढणारा, उंच, हसरा माणूस. अकरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. सकाळी सहाला घरून निघायचा, त्यामुळे थंडीचा खरा मार त्याच्याच गाडीला बसायचा.

"मिस्त्री, हिचं काहीतरी करा बुवा," तो हेल्मेट काढत म्हणाला. "रोज दहा-दहा किका मारतोय. शेजारी खिडकीत येऊन बघतात, जसा काही मी त्यांना व्यायाम करून दाखवतोय."

"चोक ओढता ना?"

"ओढतो की. चोक आहे तोवर गुणी पोरीसारखी चालते. चोक सोडला की मान टाकते. कुठे थांबलो, वेग कमी केला, की फुसकन बंद. एकदा तापली की मग काही नाही."

मिस्त्रीला तेवढं ऐकूनच कळलं होतं. त्याच्या धंद्यात यात कोडं असं काही नव्हतंच. गाडी हळू चालताना, नुसती उभी असताना पेट्रोल येतं ते त्या बारक्या जेटमधून. ते तुंबलं की इंजिन उपाशी राहतं. चोक ओढला की हवा कमी होते, पेट्रोल जास्त ओढलं जातं आणि गाडी कशीबशी तग धरते. चोक सोडला की मरते. इलाज एकच. कार्बोरेटर खाली उतरवायचा, उघडायचा, जेट काढून साफ करायचं, परत बसवायचं. अर्ध्या तासाचं काम.

पण त्या दिवशी थंडी अशी होती की नळाखाली हात धरवत नव्हता. मिस्त्रीच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. आदल्या दिवशी त्याने दोन कार्बोरेटर उघडले होते, आणि थंडीत भेगांवर पेट्रोल सांडलं की काय होतं ते ज्याचं त्याला माहीत. आधी जाळ होतो, मग बोट आपलं राहतच नाही. शिवाय लाइनमनच्या गाडीचा कार्बोरेटर अडचणीच्या जागी. मागच्या नळीचं रबर थंडीत लाकडासारखं कडक झालेलं. ते ओढून काढायचं म्हणजे नखं उलटी व्हायची पाळी.

"दहापर्यंत मिळेल का?" लाइनमननं विचारलं. "साहेबांनी बोलावलंय."

"मिळेल."

लाइनमन चहा प्यायला गेला. मिस्त्रीने कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केला, आतलं थोडं पेट्रोल गाळासकट डब्यात सोडलं, स्क्रू आवळला. प्लग काढून घासला. मग किक मारत राहिला. नवव्या की दहाव्या किकला गाडी सुरू झाली. ती तापेपर्यंत त्याने हात सायलेन्सरजवळ धरून शेकले. मग स्लोचा स्क्रू दोन फेरे आत फिरवला. असं केलं की गाडी थोडी जास्त जोरात फिरत राहते, आणि आतला रोग काही दिवस झाकला जातो. पुढच्या आठवड्यात थंडी ओसरली की नीट उघडू, असं त्याने मनाशी म्हटलं. म्हणजे खरंच म्हटलं होतं. नंतर त्याने कितीतरी वेळा आठवून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते तसंच आठवलं.

लाइनमन आला. गाडी तापलेली होती, ऐटीत फिरत होती.

"झालं? काय होतं?"

"कार्बोरेटर साफ केलाय," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही फुंकलंत ना, मग काळजीच मिटली," लाइनमन म्हणाला आणि हेल्मेट घालून गेला.

सोमवारी सकाळी पेपरवाला दुकानाशी सायकल टेकवून उभा राहिला. मिस्त्री एका गाडीची चेन बसवत होता.

"मिस्त्री, ऐकलं का? आपला लाइनमन गेला."

"कुठे गेला?"

"अहो, गेला म्हणजे गेला. मोठ्या चौकात. ट्रकनं घेतलं त्याला. मी पलीकडच्या कोपऱ्यावर गठ्ठे सोडत होतो, माझ्या डोळ्यांदेखत झालं. चौकाच्या मधोमध गाडी बंद पडली हो त्याची. खाली उतरून ढकलायची ना, तर हा किक मारत बसला. ट्रकवाला बी भरधाव होता. ब्रेक मारला त्यानं, पण कशाचं काय."

मिस्त्रीच्या हातात चेनची कडी होती. त्याने ती जागेवर बसवली, पकडीने दाबली, चाक फिरवून पाहिलं. पेपरवाला आणखी बरंच बोलला. ट्रकचं पुढचं चाक कुठे होतं, हेल्मेट कुठे जाऊन पडलं. मिस्त्री "हं, हं" करत होता. तो गेल्यावर मिस्त्रीने चेनला तेल घातलं, हात धुतले, आणि पुढची गाडी घेतली.

आपल्याला रडू येईल, निदान छातीत काहीतरी होईल, म्हणून तो वाट पाहत राहिला. काही झालं नाही. दुपारी घरी जाऊन जेवला. बायको म्हणाली, "अहो, त्या लाइनमनचं कळलं का? किती चांगला माणूस होता." तो म्हणाला, "हो." आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या घरी जाऊन आला. अंगणात लाइनमनच्या जोडीचे लोक त्यांच्या खाकी कपड्यांत उभे होते. मिस्त्री त्यांच्या मागे उभा राहिला. कोणीतरी म्हणालं, "वेळ आली होती, दुसरं काय." मिस्त्रीने मान हलवली. आतल्या खोलीत लाइनमनची बायको खुर्चीवर बसलेली दिसली. ती भिंतीवरच्या बटणाकडे बघत होती. त्याने तिच्याशी बोलायचं असं ठरवलं होतं, पण काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तसाच परत आला.

पुढचे दोन-अडीच महिने कसे गेले ते त्याला नीट सांगता आलं नसतं. शटर उघडत होता, गाड्या येत होत्या, जात होत्या. बायको एकदा आमटीत मीठ घालायला विसरली, तर ती स्वतः पहिल्या घासाला मीठ आणायला उठली आणि हा अर्धी वाटी संपवून बसला होता. हातोडी अंगठ्यावर बसली तेव्हा त्याने अंगठा वर करून पाहिला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. नख काळं पडत गेलं, मग गळून पडलं. जेट तो आता मशीननेच साफ करायचा. एकदोघांनी विचारलं, "काय मिस्त्री, फुंकायचं सोडलं?" तो म्हणायचा, "दात दुखतोय."

"डॉक्टरला दाखवून घ्या एकदा," बायको म्हणायची. "तुम्ही घरात असता पण असत नाही."

"दाखवतो."

आणि थंडी सरत आली असताना एक दिवस दुकानापुढे छोटा टेम्पो थांबला. मागे दोरीने बांधलेली लाइनमनची गाडी. बरोबर लाइनमनची बायको, आणि त्याचा थोरला भाऊ.

"पोलिसांनी सोडली गाडी," थोरला म्हणाला. "पुढचा भाग माझ्या ओळखीच्यानं सरळ करून दिलाय. चाक नवं घातलंय. पण सुरू काही होईना. मी म्हणत होतो विकून टाकू. ही ऐकत नाही."

"भाऊजी, मला लागते ती," ती म्हणाली. मग मिस्त्रीकडे वळली. "मी लॅबमध्ये आहे. घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम. लोकांना उपाशीपोटी द्यायचं असतं, त्यामुळे सहा-साडेसहाला निघावं लागतं. बसनं चार घरं होतात, गाडीवर दहा होतील. आणि यांनी सगळं काम तुमच्याकडेच केलं. दुसऱ्याच्या हातात द्यायला नको वाटतं."

"ठेवून जा," मिस्त्री म्हणाला.

"उद्या मिळेल?"

"उद्या सकाळी या. थंड इंजिनावर बघून देतो."

ते गेल्यावर त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि पुठ्ठा ओढून त्या गाडीशी बसला. टाकी काढली. मागच्या नळीचं रबर आता तेवढं कडक नव्हतं. दोन हिसड्यांत निघालं. कार्बोरेटर बाहेर आला. वाटीचे चार स्क्रू. त्यातला एकही गेल्या कित्येक महिन्यांत कोणी उघडला नव्हता, हे त्यांच्या खाचांत बसलेल्या धुळीवरून कोणालाही कळलं असतं. कोणालाही म्हणजे हे काम येणाऱ्या कोणालाही. लाइनमनला ते येत नव्हतं.

आत पेट्रोल वाळून त्याचा पिवळट थर झाला होता. त्याने जेट काढलं आणि उजेडाकडे धरलं. भोकातून काही दिसलं नाही. मग बऱ्याच दिवसांनी त्याने जेट ओठांत धरलं आणि फुंकलं. हवा पुढे गेली नाही. गाल फुगले, कान बंद झाल्यासारखे वाटले, पण गेली नाही.

त्याने जेट पेट्रोलमध्ये भिजत ठेवलं. ब्रेकच्या वायरीतली एक बारीक तार सोडवून भोकातून घातली, ओढली, पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी तारेच्या टोकाला पांढरट कण आला, राईच्या निम्म्याएवढा. बोटावर घेऊन त्याने तो पाहिला. मग फडक्याला पुसला. पुन्हा फुंकलं, तर हवा सरळ निघून गेली.

सगळं परत बसवून झालं तेव्हा त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पस्तीस मिनिटं झाली होती. आता हात काही थंड नव्हते, म्हणजे थंडीत चाळीस लागली असती. चाळीस मिनिटं, असा विचार त्याने केला. मग पुन्हा केला. आत कुठेच काही हललं नाही. रिकाम्या टाकीवर टिचकी मारावी तसा नुसता आवाज झाला.

सकाळी ती एकटीच आली. खांद्याला कामाची पिशवी, हातात नळ्यांचा थंड डबा. गाडी रात्रभर दुकानात गार पडलेली होती.

"वहिनी, तुम्हीच मारून बघा," मिस्त्री म्हणाला. "हा चोक. पूर्ण ओढायचा. मूठ पिळायची नाही अजिबात. किक आधी हळू खाली न्यायची, अडली की मग जोरात."

तिने पिशवी खाली ठेवली, चोक ओढला, किकवर पाय ठेवला. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. "एका किकला?"

"आता एक मिनिट थांबा. मग चोक अर्धा. मग पूर्ण सोडा."

तिने सांगितल्याप्रमाणे केलं. चोक सोडला तरी गाडी फिरत राहिली, एका लयीत, न अडखळता. ती ऐकत होती. हसू हळूहळू गेलं.

"यांना दहा-बारा लागायच्या," ती म्हणाली. "मी आत डबा भरताना मोजायचे. शेवटच्या दिवशी चौदा. तुमच्याकडून आणली होती ना, त्यानंतर दोन दिवस बरी होती म्हणाले. मग पुन्हा तसंच." तिने मुठीवरचा हात काढला. "मिस्त्री, काल काय केलंत हिला?"

"कार्बोरेटर साफ केला."

"तेव्हाही तोच केला होतात ना? यांनी घरी येऊन सांगितलं होतं मला."

मिस्त्रीच्या डोक्यात तीन-चार उत्तरं तयार होती. रात्रभर अंथरुणात पडून त्याने ती जुळवली होती. पेट्रोलमध्ये कचरा येतो, पुन्हा तुंबतं. टाकीला गंज आहे. इतके दिवस गाडी उभी होती. त्यातलं एक तर खरंही होतं. गाडी दोघांच्या मध्ये फिरत होती.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"तेव्हा केला नव्हता. उघडलाच नव्हता. नुसता स्क्रू फिरवून दिला, आणि साफ केला म्हणून सांगितलं."

तिला आधी नीट ऐकू आलं नाही की काय, असं त्याला वाटलं. तिने हात पुढे करून चावी फिरवली. गाडी बंद झाली.

"का?"

याचं उत्तर मात्र त्याने जुळवलं नव्हतं. त्याने प्रयत्न केला, पण जे होतं तेच तोंडातून आलं.

"थंडी होती. बोटं वळत नव्हती."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. रक्त घ्यायच्या आधी शीर शोधताना बघत असेल तशी, बारकाईने. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याने ऐकून घेतल्या असत्या. तिने डबा उचलला, पिशवी खांद्याला लावली, चावी पुन्हा फिरवली, किक मारली. पहिल्याच किकला. आणि ती गेली, कारण कुठेतरी कोणीतरी उपाशीपोटी तिची वाट बघत होतं.

त्या दिवशी दुपारी त्याने बायकोला सांगितलं. ती पोळपाटापुढे होती. तिने गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसली.

"एवढं पोटात ठेवून दोन वेळा जेवत होतात?"

"हो."

"मला कळलं कसं नाही?" ती म्हणाली. रागावली होती ती कोणावर, हे तिलाही सांगता आलं नसतं. मग उठली, गॅस पेटवला. "आता त्यांच्याकडचे येतील. आले तर तोंड लपवू नका."

थोरला भाऊ संध्याकाळीच आला. दुकानात शिरताना त्याने बाहेर उभं असलेल्या गिऱ्हाइकाला "जरा थांबा" असं अगदी सभ्यपणे सांगितलं.

"ती सांगतेय ते खरं आहे?"

"खरं आहे."

थोरल्याने त्याच्या थोबाडीत मारली. चांगली कचकचीत मारली, कपाटावरचा डबा खाली पडला. मिस्त्रीचा गाल लाल झाला असणार, पण त्याला तो जाणवला नाही. तो तसाच उभा राहिला. दुसरी खायची तयारी होती. पण थोरल्याचा हात खाली आला आणि तो एकाएकी तिथल्या टायरच्या चळतीवर बसला आणि रडायला लागला. मोठा माणूस, ढसाढसा. "लहान होता हो माझ्याहून," म्हणत राहिला. मिस्त्रीला काय करावं कळेना. त्याने माठातलं पाणी पेल्यात ओतून पुढे धरलं. थोरल्याने ते घेतलं, प्यायला, पेला परत दिला. बाहेरचं गिऱ्हाईक हळूच गाडी ढकलत निघून गेलं.

"चला," थोरला म्हणाला. "ठाण्यात चला. तिथे सांगा."

मिस्त्रीने शटर ओढलं आणि दोघं चालत गेले.  टेबलामागच्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा फोन आला तो घेतला, मग पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं.

"ट्रक तुम्ही चालवत होता?" त्याने मिस्त्रीला विचारलं.

"नाही."

"मग?"

"गाडी माझ्यामुळे बंद पडली."

"अहो, गाड्या रोज बंद पडतात. बंद पडलेल्या गाडीवर ट्रक घालायचा नसतो. त्या ड्रायव्हरवर केस चालू आहे." त्याने थोरल्याकडे पाहिलं. "लिहून घेतो म्हणाल तर घेतो. पण त्याचा फायदा ड्रायव्हरच्याच वकिलाला होईल. विचार करा."

थोरल्याने बराच वेळ विचार केला. मग उठला. पायऱ्यांवर आल्यावर म्हणाला, "माझ्या नजरेसमोर येऊ नका," आणि उलट्या दिशेने गेला. मिस्त्री तिथेच उभा राहिला. कोणीतरी आपल्या पाठीवर एखादं ओझं ठेवेल, निदान त्याचं वजन तरी कळेल, असं त्याला वाटलं होतं. ते ठेवायला कोणी तयार नव्हतं.

गोष्ट गल्लीत पसरायला दोन दिवस लागले. काही जुनी गिऱ्हाइकं यायची बंद झाली. जी येत राहिली ती आता चहाला जात नव्हती. काम चालू असेपर्यंत डोक्याशी उभी राहायची. मिस्त्री त्यांना प्रत्येक भाग काढून दाखवायचा, न विचारता. फुंक्या म्हणून हाक मारणं मात्र लोकांनी आपोआप सोडलं.

वर्ष फिरून पुन्हा थंडी पडली तेव्हा एका रविवारी ती आली. गाडी ढकलत आणली होती, कपाळाला घाम होता.

"दुसरीकडे नेली होती," ती दम घेत म्हणाली. "दोनदा. उघडला म्हणाले. उघडला की नाही, मला काय कळणार? यांनाही कळलं नव्हतं."

मिस्त्री पाना घ्यायला उठला.

"तुम्ही नका हात लावू," ती म्हणाली. "मी उघडते. तुम्ही फक्त सांगा."

त्याने पुठ्ठा तिच्यासाठी अंथरला आणि स्वतः फरशीवर बसला. टाकी कशी काढायची ते सांगितलं. नळी सोडायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा ते सांगितलं. रबर निघेना तेव्हा त्याचा हात आपसूक पुढे गेला, आणि त्याने तो मागे घेतला. "गरम पाण्याचं फडकं गुंडाळा," तो म्हणाला. तिने ते केलं. रबर निघालं.

तिचे हात चांगले होते. थांबून, अंदाज घेऊन, मग एकदाच नेमका जोर लावणारे. चारही स्क्रू तिने रांगेत मांडून ठेवले. जेट काढलं, उजेडाकडे धरलं.

"बंद आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे त्यांनीही उघडला नव्हता."

"नाही, नसणार."

ती काही वेळ जेट चिमटीत धरून बसली. बाहेरून एक गाडी गेली. 

"वहिनी, मी तुमचा..."

"ते राहू द्या," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तार किती जाडीची घ्यायची ते सांगा."

त्याने सांगितलं. तिने तार घातली, ओढली. परत बसवताना वाटीचं पातळ रबर चिमटलं, तेव्हा त्याने पुन्हा उघडायला लावलं, आणि तिने पुन्हा उघडलं. दोन तास लागले. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. तिने हात पुसले, रबराचं माप कागदावर लिहून मागितलं, कागद पिशवीत टाकला.

त्या हिवाळ्यात ती आणखी दोनदा आली. दुसऱ्या वेळी दीड तास लागला आणि त्याला फार बोलावं लागलं नाही. तिसऱ्या वेळी त्याने फक्त एकदाच तोंड उघडलं, तेही ती बरोबर करत होती हे सांगायला. तिने त्यावर "माहीत आहे" म्हटलं.

त्यानंतर ती आली नाही. पेपरवाला सांगायचा, की रविवारी सकाळी ती दाराशी बसून स्वतःच गाडी उघडते, आणि आता शेजारपाजारचेही आपापल्या गाड्या तिला दाखवायला लागलेत. मिस्त्रीने ते बायकोला सांगितलं.

"बरं झालं," बायको म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुम्हाला कसं वाटतं?"

त्याने ताटातून वर पाहिलं. खरं काय ते सांगायचं म्हणून त्याने आत चाचपून पाहिलं, नीट, घाई न करता.

"अजून काही नाही," तो म्हणाला.

बायकोने मान हलवली आणि त्याच्या ताटात भात वाढला. "डॉक्टरला दाखवायचं, रक्त तपासून घ्यायचं राहिलंय तुमचं," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी येते बरोबर. उपाशी राहा."

"बरं," तो म्हणाला, आणि जेवायला लागला.